साहेबाची घागर

आमच्या घरी आखाजीला पितरांसाठी घागरी भरल्या जायच्या आणि त्या ओळीतली शेवटची घागर एका गोऱ्या साहेबाची असायची. यात काही वेगळं आहे, हे धुळ्याला कॉलेजात जाईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, प्रत्येकाच्या घरी एक साहेब असतोच. होस्टेलवर माझ्या खोलीत शिंदखेड्याची एक मुलगी होती. तिला मी सहज म्हणून गेले, की आमच्या साहेबाच्या घागरीवर आंबा ठेवतात, तुमच्यात काय ठेवतात? ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग कॉटवर पडून पोट धरधरून हसली. मला इतका राग आला की मी तिच्याशी बरेच दिवस अबोला धरला. राग तिच्या हसण्याचा नव्हता. माझ्या घरात लहानपणापासून चालत आलेली गोष्ट दुसऱ्याला विनोद वाटते, आणि ती का विनोदी नाही हे मला सांगता येत नाही, याचा होता. खरं सांगायचं तर ते आजही येत नाही. आता सत्तरी ओलांडली, दोन्ही गुडघे गेले, आणि तरी या एका बाबतीत डोक्यातला गुंता होता तिथेच आहे. तो सुटेल म्हणून मी हे लिहायला घेतलेलं नाही. निदान मांडून तरी ठेवावा.

खान्देशाबाहेरच्यांना आखाजी म्हणजे काय ते सांगायला हवं. अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्याकडे पितर पाणी प्यायला येतात. ऊन असं असतं की अंगणात अनवाणी पाय टाकवत नाही, आणि गेलेली माणसं लांबून तहानलेली येतात, म्हणून ज्याच्या त्याच्या नावाची कोरी मातीची घागर भरायची. खाली गव्हाची रास, घागरीवर छोटं मडकं, त्यावर आंबा, डांगर म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. मग निखाऱ्यांवर तूप सोडून, प्रत्येकाचं नाव घेऊन, रांधलेल्या सगळ्या पदार्थांचा एकेक घास त्यात टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. हे सगळं ऊन माथ्यावर यायच्या आत झालं पाहिजे, नाहीतर पितर तहानलेले माघारी जातात आणि वर्षभर तसेच राहतात. आणि आगारी होईपर्यंत आम्हा पोरांना आमरसाला बोटसुद्धा लावता यायचं नाही. पाटावर बसून नुसता वास घ्यायचा.

आमचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराकडे. घरात आबा, म्हणजे माझे आजोबा. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू, ते शेजारच्या गावात प्राथमिक शिक्षक होते. आईला माय म्हणायचो. आखाजीला नानांची मोठी बहीण, अक्का, माहेरपणाला यायची आणि आली की घर ताब्यात घ्यायची. चुलीवर पालथं खापर चढलं की अक्का पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत इतका मोठा करायची की तो तिच्या कोपरापर्यंत लोंबायचा, आणि मग एका झटक्यात खापरावर. तो थप् आवाज, कुरडया तळताना होणारी चुरचुर, लिंबाला बांधलेल्या झोक्याच्या दोराची करकर, आणि या सगळ्यामागे मळ्यातल्या विहिरीवरच्या इंजिनाची फटफट. मला अजून आखाजी म्हटलं की आधी ऐकू येते आणि मग दिसते. त्या विहिरीलाही साहेबाची विहीर म्हणत. उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या विहिरी तळ दाखवायच्या, तिची मात्र खालची पायरी कुणी पाहिली नव्हती.

साहेबाची गोष्ट आबा आगारीच्या आदल्या दिवशी सांगायचे, दरवर्षी तीच. साहेब म्हणजे मोठ्या घराण्यातला, लाल डगल्याचा शिपाईगडी, हाताखाली घोडेस्वार. त्याचा तळ आमच्या नदीवर पडला होता आणि त्या साली पाऊस नव्हता. लोक गाव सोडून निघाले होते. साहेबानं जागा दाखवली, म्हणाला इथे खणा, खणेल त्याला ज्वारी मिळेल. पाणी लागलं, गाव राहिलं. आबांचे पणजोबा रावजीबाबा तेव्हा तरणे होते, त्यांनी लागलेल्या पाण्याची पहिली ओंजळ साहेबाला दिली. पुढे साहेबाला ताप भरला. खान्देशातला ताप, तो राजा-रंक बघत नाही. त्याला डोलीत घालून धुळ्याला नेलं, त्या डोलीला रावजीबाबांचा खांदा होता. वाटेत साहेब पाणी मागायचा आणि तापात पाणी द्यायचं नाही असा बरोबरच्या डॉक्टरचा हुकूम. रावजीबाबांनी तरीही दिलं, लपून. काही दिवसांनी ते डांगरांची पाटी घेऊन साहेबाला बघायला धुळ्याला गेले. बंगल्यासमोर काय बघतात, तर साहेबाची खाट, गादी, बूट, छत्री, पाण्याची भांडी, सगळं बाहेर मांडलेलं आणि लोक एकेक वस्तू उचलून नेतायत. रावजीबाबांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? खाट, जोडे, छत्री आणि लोटी माणसाच्या घरातून एकाच वेळी बाहेर पडतात, तो गेल्यावर, पुढच्या वाटेला त्याच्या उपयोगी पडावी म्हणून. खानसाम्याला डांगरं देऊन त्यांनी साहेबाचा एक पाणी प्यायचा पेला मागून घेतला, पांझरा नदीत अंघोळ केली आणि घरी आले. साहेबाचं इथे मूलबाळ नाही, पाणी कोण देणार, म्हणून त्या आखाजीला त्यांनी त्याची घागर भरली. तेव्हापासून चालू. घागरीवर इतरांच्या मडकं, साहेबाच्या मात्र तो पेला. कथलाचा, काळपट, जड, आणि पोटावर हरणाचं डोकं कोरलेलं.

नानांना ही गोष्ट आवडायची नाही. ते समोर काही बोलायचे नाहीत, आबांसमोर बोलायची पद्धतच नव्हती, पण अंगणात येऊन आम्हाला दुसरी गोष्ट सांगायचे. विहीर साहेबानं खणली म्हणजे काय, त्यानं कुदळ तरी धरली का? खणली आपल्या उपाशी माणसांनी, ओंजळभर ज्वारीसाठी, मेले असतील त्यात कितीतरी. त्यांची घागर कोण भरतं? ज्यांनी देश लुटला त्यातल्या एकाला आपण बापाच्या रांगेत बसवतो, आणि मी शाळेत पोरांना स्वातंत्र्याचा धडा शिकवतो. असं म्हणून ते तडक झोक्याकडे जायचे आणि आम्हाला इतक्या जोरात झोका द्यायचे की माय आतून ओरडायची. मी आबांचं ऐकलं की मला आबांचं पटायचं. नानांचं ऐकलं की नानांचं. माझं हे असंच आहे, शेवटचं बोलेल त्याचं मला पटतं. यावरून आमचे हे हयातभर मला चिडवायचे.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, परीक्षा संपता संपता, आमचे इंग्रजीचे सर एका गोऱ्या बाईंना वर्गात घेऊन आले. पन्नाशीच्या असतील. झगा, पायात कॅनव्हासचे बूट, नाकाची साल उन्हानं निघालेली. नाव नोरा. आयर्लंडातल्या एका खेड्यातल्या शिक्षिका, आणि आपल्या खेड्याचा इतिहास लिहितायत, असं सरांनी सांगितलं. पिंपळनेरच्या बाजूचं कोण आहे? मी हात वर केला आणि अडकले. माझं इंग्रजी म्हणजे गाईडवर पोसलेलं. पण बाई सावकाश, एकेक शब्द समोर ठेवल्यासारखं बोलायच्या. त्यांना एका माणसाचा माग काढायचा होता. त्यांच्या भागातला एक सरदार, लॉर्ड, तरुणपणी सैन्यात होता तेव्हा या भागात राहिला होता, आणि त्यानं इथे एक विहीर खणवल्याचं तो पुढे सांगत असे. अशी विहीर आहे का? मी म्हटलं, आहे, आमचीच आहे, आणि परवा आखाजी आहे, घरीच चला. हे बोलताना मला एवढा आनंद झाला होता की बोलून सोय नाही. मला वाटलं, शिंदखेड्याच्या त्या मुलीला आता कळेल.

एसटीतून उतरल्यावर बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी विहीर दाखव म्हणाल्या. मळ्यात गेलो. इंजिन चालू होतं, दांडातून पाणी पळत होतं, दोन बाया पायरीवर धुणं धूत होत्या. बाई काठाशी उभ्या राहिल्या ते राहिल्याच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता खूश होतील म्हणून. त्यांनी खाली उतरून पाण्यात हात घातला, तो बाहेर काढून झग्याला पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे आहे तर." खोटी निघाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, हे मला तेव्हा समजलं नाही. मी आपली त्यांना पाण्याची गोडी सांगत होते.

ओसरीवर अक्कानं सरबत दिलं. आबा पगडी घालून बसले होते, घरात पाहुणे आले तरी कधी न घालणारे आबा. त्यांना वाटत होतं साहेबाच्या घरचं माणूस आलंय. त्यांनी देवघरातून पेला आणून दोन्ही हातांनी बाईंच्या समोर धरला. बाईंनी पेल्यावरचं हरणाचं डोकं बघितलं आणि हात मागे घेतला. म्हणाल्या, हे चिन्ह त्या सरदाराच्या वाड्याच्या फाटकावर होतं. वाडा पडला, फाटक अजून उभं आहे, मी शाळेत जाताना रोज त्याच्याखालून जायचे. मी त्याच्या घरातली नाही. मी त्यानं घरातून काढलेल्यांच्यातली आहे. मग त्या सांगत गेल्या आणि मी भाषांतर करत गेले, आणि मधेमधे मला वाटायचं की आपलं इंग्रजी चुकतंय, कारण मी जे बोलत होते ते मलाच खरं वाटत नव्हतं.

सरदार धाकटा मुलगा. जमीन थोरल्याची, म्हणून हा सैन्यात. हिंदुस्थानात आला, ताप आला, बोटीनं घरी गेला आणि बरा झाला. पुढे थोरला भाऊ घोड्यावरून पडून मेला आणि किताब, वाडा, सगळी जमीन याच्याकडे आली. मग तो राजकारणात पडला, लंडनला लॉर्डांच्या सभेत, म्हणजे पार्लमेंटात, बसू लागला, चांगला बोलायचा, लोक ऐकायचे. आणि मग त्यांच्या देशात भूक आली. तिथल्या कुळांचं पोट बटाट्यावर, आणि बटाटा जमिनीतच सडला. लोकांना फुकट धान्य द्यावं की नाही यावर सभेत बोलणं चाललं होतं, तेव्हा हा उभा राहिला आणि त्यानं खान्देशातल्या विहिरीचा दाखला दिला. मी तिथे उपाशी लोकांना फुकट काही दिलं नाही, हातात कुदळ दिली, त्यांनी खणलं आणि ते जगले, इथेही तसंच करा. त्याच्या बोलण्याला वजन होतं. मग त्या उपाशी लोकांना रस्त्यांसाठी खडी फोडायला लावलं, आणि ते खडीवरच पडले. त्याच्या जमिनीवरच्या कुळांना जमिनीचा खंड देता येईना, तेव्हा त्यांना बाहेर काढून घरांची छपरं उतरवली, परत येऊन राहू नयेत म्हणून. नोराबाईंच्या आजीच्या आजीची बहीण, ब्रिजिट नावाची पोर, त्या खडीच्या रस्त्यावरच मेली. सरदार मात्र पांढऱ्या केसांचा म्हातारा होऊन आपल्या पलंगावर मेला, भोवती नातवंडं.

मी हे शेवटचं वाक्य सांगितलं आणि आबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं छपरांचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. ते विचारत होते दुसरंच.

"मंग साहेब आठे मरेल नही व्हता?"

साहेब इथे मेलाच नव्हता का, असं मी बाईंना विचारलं, आणि ते खाटेचं, बुटांचं, छत्रीचं सगळं सांगितलं. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, पण ते तर सगळेच करायचे. मायदेशी जाणारा अधिकारी सामानाचा लिलाव करून जायचा. खाट कोण बोटीवर घालून नेतो? इतकं साधं. मी ते आबांना सांगितलं. अक्का चुलीपुढून उठून दारात आली होती, ती खालीच बसली. नाना मात्र उभे होते, आणि मला त्यांच्या तोंडावर थोडा आनंद दिसला, तो त्यांनी लगेच झाकला.

बाहेरच्या माणसाला यातलं भय कळायचं नाही. जिवंत माणसाच्या नावानं पितराची घागर भरणं आमच्याकडे शत्रूसुद्धा करत नाही. आणि आमच्या घरानं साहेब म्हातारा होऊन मरेपर्यंत दर आखाजीला ते केलं होतं, मायेनं, सांजोरी ठेवून. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. मायनं भाकरी कुस्करून दूध घालून समोर ठेवली ती मांजरानं खाल्ली. त्या वयात दोन दिवस पोटात काही नाही, वर वैशाखाचं ऊन, आणि माणूस ओसरीच्या खांबाला टेकून नुसता विहिरीच्या दिशेला बघतोय. नानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आबांना समजाव, मी बोललो तर त्यांना वाटेल मी जिंकायला बघतोय. मी गेले. मी काय समजावणार? मी म्हटलं, आबा, साहेबच वाईट निघाला, त्यात आपलं काय? तेव्हा आबा जे बोलले ते मी आजवर कितीदा मनात फिरवून पाहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की साहेब इथून गेला तेव्हा चांगला होता. विहीर चांगल्या माणसाच्याच हातून होते. मग घरी गेल्यावर त्याला काय झालं? दरवर्षी आपण इथून त्याला मेलेल्यांच्या रांगेत बसवत होतो, त्याच्यातलं जे चांगलं होतं ते मरत गेलं, आणि उरला तो तिकडे लोकांची छपरं उतरवत बसला.

"तिन्या लोकेसले आपीन मारं," आबा म्हणाले. तिच्या माणसांना आपण मारलं. वर विहीरही आपलीच, तिचाच दाखला दिला त्यानं.

नोराबाई बाजूला बसल्या होत्या. काय म्हणतात, विचारलं. मी टाळायला बघितलं, त्यांनी पुन्हा विचारलं, मग मी सांगितलं. त्या आधी हसल्या. मग उठून गोठ्याकडे गेल्या आणि बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं सोललेलं नाक आणखी लाल झालं होतं. त्या म्हणाल्या, या सरदाराच्या घरातल्या एकाही माणसानं आजवर आम्हाला हे म्हटलेलं नाही, आणि ज्याचा काही संबंध नाही तो माणूस जेवण सोडून बसलाय, मला काही कळेनासं झालंय. मी म्हटलं, बाई, मलाही. तेवढं वाक्य मात्र मी बिनचूक इंग्रजीत बोलले.

आखाजीची सकाळ उजाडली. अक्कानं नेहमीसारखे मांडे केले, पण हात गुमान चालत होते, गाणं नाही. मायनं गव्हाच्या राशी घातल्या, घागरी मांडल्या, आणि शेवटची जागा मोकळी ठेवली. साहेबाची घागर कोरडीच कोपऱ्यात. भरली तर जिवंतपणी केलेल्या पापावर आणखी एक, आणि न भरली तर आता तो खरोखर मेलेला आहे, खरोखर तहानलेला आहे, त्याचं काय? हे सगळं घर मनात बोलत होतं आणि तोंडानं कुणी बोलत नव्हतं. ऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत आलं. आबा उठेनात. ते उठल्याशिवाय कुणाचीच आगारी होणार नव्हती, आमच्या खऱ्या पितरांचीसुद्धा. शेवटी नाना पुढे झाले. हळू आवाजात म्हणाले, आबा, यंदापासून सोडून द्या त्याला. आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला हाक मारली आणि बाईंना बोलावून आणायला सांगितलं.

"तिले इचार, त्या लोकेसले कोनी पानी दिनं का?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, कोण देणार? जे उरले ते बोटीत बसून परक्या देशात गेले, जे पडले ते एका खड्ड्यात, नावंही नाहीत. फक्त ब्रिजिटचं नाव घरात राहिलं. आबांनी ते नाव दोन-तीनदा तोंडात घोळवलं, आणि खांबाला धरून उठले. आमच्याकडे कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणतात, ऐनवेळी एखादी तडकली तर असावी म्हणून. ती त्यांनी स्वतः उचलून आणली, साहेबाची कोपऱ्यातली घागर आणली, आणि दोन्ही त्या मोकळ्या जागेत शेजारी शेजारी ठेवून मायला पाणी घालायला सांगितलं.

तेवढ्यात नोराबाई म्हणाल्या, "त्याच्या शेजारी नको."

हे कसं सांगायचं? एवढा म्हातारा माणूस उपाशीपोटी उठून करतोय, आणि पाहुणी म्हणते नको. मला त्यांचा रागच आला. पण आबांना भाषांतर लागलंच नाही. त्यांनी बाईंचा चेहरा बघितला, मान हलवली आणि ब्रिजिटची भरलेली घागर खांद्यावर घेतली. नाना धावले, आबांनी त्यांना कोपरानं बाजूला केलं. ओसरी उतरून, तापल्या अंगणातून अनवाणी, गोठ्याच्या ओट्यापर्यंत त्यांनी ती नेली. निम्मं पाणी सांडलं होतं. नाना मागोमाग विहिरीच्या पाण्याचा हंडा घेऊन आले आणि त्यांनी ती काठोकाठ भरली. गहू आणायला कुणाला सुचलं नाही, ते अक्का पदरातून घेऊन आली. मग आबा परत घरात गेले, साहेबाच्या घागरीवरचा पेला उचलला, तिथे साधं मडकं ठेवलं, आणि पेला आणून ब्रिजिटच्या घागरीवर ठेवला. त्यात पाणी ओतलं. "त्यानी त्यासले काहीच दिनं नही," ते म्हणाले. "आते दी." आता देईल.

आगारी झाली. घरात आमच्या पितरांची नावं, शेवटी साहेब. मग तव्यात निखारे घेऊन गोठ्याकडे, आणि तिथे आबांनी तुपाची धार सोडत म्हटलं, "ब्रिजिट, आनि तिना संगेना बठ्ठा." तिच्याबरोबरचे सगळे. नोराबाईंनी स्वतःच्या हातानं मांड्याचा तुकडा निखाऱ्यावर टाकला, तो पुरणामुळे चिकटून त्यांचं बोट भाजलं. आबांनी त्या दिवशी तीन वाट्या रस प्यायला आणि संध्याकाळी त्यांचं पोट बिघडलं. बाई दोन दिवसांनी गेल्या. पेला आबांनी त्यांना देऊ केला होता, त्यांनी घेतला नाही. पुस्तक लिहिलं की पाठवते म्हणाल्या होत्या, पण ते काही आलं नाही. लिहिलं नसेल. मी त्यांच्या जागी असते तर मलाही पुढे लिहिता आलं नसतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मीही निवांत झाले असते. पण पुढच्या आखाजीला आबांनी पेला उचलला आणि परत साहेबाच्या घागरीवर ठेवला. मी म्हटलं, आबा, असं काय? तर म्हणाले, "इहीर बी त्यानीच खंदी ना." त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गोठ्याकडे. एक वर्ष साहेब, एक वर्ष ब्रिजिट. दोघांपैकी कोणाचं खरं, हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी पाळी लावली, भावकीत विहिरीच्या पाण्याची लावतात तशी. आबा गेले त्या सालच्या आखाजीला मला खात्री होती की नाना साहेबाला बाहेर काढणार. नानांनी आबांची नवी घागर भरली, तिच्या शेजारी साहेबाची भरली, आणि त्या वर्षी साहेबाची पाळी होती तर पेला मुकाट्यानं तिच्यावर ठेवला. मी बघत होते ते त्यांना आवडलं नाही.

नाना गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं घरच्या पितरांचं ठेवलं आणि या दोघांचं मला घेऊन जायला सांगितलं. तो सुरतेला राहतो, त्याला एवढ्या घागरींना जागा नाही. सासरच्या घरात माहेरचे पितर चालत नाहीत, पण आमचे हे म्हणाले, हे तर माहेरचेही नाहीत, येऊ दे. आता जळगावला मेहरूणमध्ये आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. साहेब स्वयंपाकघरात ओट्याखाली आणि ब्रिजिट गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी. सूनबाईनं पहिल्या वर्षी विचारलं, आई, दोन्ही एकत्र का नाही ठेवत, पाय अडखळतो येता-जाता. मी म्हटलं, त्यांचं आपसात पटत नाही. ती शहाणी, पुढे काही विचारलं नाही.

यंदा मात्र पंचाईत झाली. घागरी भरल्या, मांडे जळगावच्या दुकानातून आणलेले, रस घरचा. पेला हातात घेतला आणि मला काही केल्या आठवेना, यंदा पाळी कुणाची. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सगळं सुनेनं केलं, आणि तिनं कुठे ठेवला ते तिलाही आठवत नव्हतं. सुरतेला फोन केला. भाऊ म्हणाला, अगं कुठेही ठेव, त्यांना काय कळतंय. मी फोन ठेवला. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आत आलं होतं. मी स्वयंपाकघर आणि गॅलरीच्या मध्ये पेला धरून उभी, आबांचं आठवलं की पाय ओट्याकडे वळायचा, नोराबाईंचा चेहरा आठवला की गॅलरीकडे. सून म्हणाली, आई, वेळ जाईल. शेवटी गॅलरीत गेले आणि ब्रिजिटच्या घागरीवर ठेवला. मग आत येऊन साहेबाच्या घागरीपुढे, गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानंच, त्याला सांगितलं, बाबा, चुकलं असेल तर एवढं वर्ष साध्या मडक्यातून पी, पाणी तेच आहे.